१९७१ : ढाक्यातून हाकललेले पत्रकार आणि प्रसिद्धीची लढाई

२५ मार्च १९७१ च्या रात्री पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, ढाक्याच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात तीसहून अधिक परदेशी पत्रकार मुक्कामाला होते. पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान आणि पूर्वेकडच्या बंगाल्यांचे नेते शेख मुजीबुर रहमान यांच्या वाटाघाटींचं पुढे काय होतं, हे कळवायला ते आले होते. आधीच्या डिसेंबरातल्या निवडणुकीत मुजीब यांच्या अवामी लीगला अख्ख्या पाकिस्तानच्या संसदेत स्पष्ट बहुमत मिळालं होतं, पण सत्ता काही हाती पडत नव्हती. त्या रात्री लष्कर रस्त्यावर उतरलं. हॉटेलच्या दाराशी सैनिक उभे राहिले आणि पत्रकारांना बाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. खिडकीतून त्यांना जवळच्याच 'द पीपल' या दैनिकाचं कार्यालय जळताना दिसत होतं. विद्यापीठाच्या बाजूनं गोळीबाराचे आवाज येत होते आणि बातमी पाठवायची सगळी साधनं बंद होती. मग त्यांना सामानासकट विमानतळावर नेलं, वह्या आणि फिल्मचे रोल काढून घेतले आणि कराचीच्या विमानात बसवलं.

पाकिस्ताननं प्रसिद्धीची लढाई तिथेच गमावली, असं माझं मत आहे. रणांगणावरचा पराभव नऊ महिन्यांनी झाला. साक्षीदारांना हाकलून दिल्यावर सरकारला खोटं लपवता येत नाहीच, पण त्याच्याजवळ जे खरं सांगण्यासारखं असतं त्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. १९७१ मध्ये हे अगदी उघड्यावर घडलं, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

युद्धात सरकारला परदेशी पत्रकारांची एवढी फिकीर का असते? देशातली वर्तमानपत्रं मुठीत ठेवता येतात. सेन्सॉर बसवला, कागदाचा कोटा अडवला, दोन संपादकांना आत टाकलं की काम होतं. पश्चिम पाकिस्तानातल्या सामान्य वाचकाला त्या काळात पूर्वेकडे काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. परंतु पाकिस्तानचा पैसा आणि शस्त्रं बाहेरून येत होती. जागतिक बँकेच्या पुढाकारानं अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, जपान अशा देशांचा एक गट दरवर्षी पाकिस्तानला मदत ठरवून देत असे. त्या देशांतले खासदार, करदाते, संपादक सकाळी पेपरात काय वाचतात, यावर ती मदत अवलंबून होती. परदेशी बातमीदार म्हणजे त्या माणसांचे डोळे. ते आपल्याला हवं तेच पाहतील अशी व्यवस्था करणं, हे युद्धकाळातल्या प्रसिद्धी खात्याचं मुख्य काम असतं. प्रवासाचे परवाने, रोजच्या पत्रकार परिषदा, तारांवर सेन्सॉर, सरकारी खर्चानं दौरे आणि शेवटी हकालपट्टी, ही त्याची हत्यारं. पाकिस्ताननं सुरुवातच शेवटच्या हत्यारानं केली.

त्यातून दोघंजण निसटले. लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'चे सायमन ड्रिंग आणि असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार मिशेल लॉराँ हॉटेलातच लपून राहिले. हॉटेलच्या बंगाली कर्मचाऱ्यांनी त्यांना सांभाळलं. २७ मार्चला संचारबंदी काही तासांसाठी उठली तेव्हा दोघं बाहेर पडले. विद्यापीठाच्या इक्बाल हॉल या वसतिगृहात आणि जुन्या ढाक्याच्या जळालेल्या गल्ल्यांत फिरून त्यांनी जे दिसलं ते टिपून घेतलं. ड्रिंग यांचा वृत्तांत ३० मार्चला छापून आला. जगाला मिळालेली ती पहिली सविस्तर, डोळ्यांनी पाहिलेली हकिकत. पुढे याच ड्रिंगनी बांगलादेशात 'एकुशे टेलिव्हिजन' उभं केलं, आणि २००२ मध्ये तिथल्याच सरकारनं त्यांचा परवाना रद्द करून त्यांना देश सोडायला लावला. साक्षीदार नकोसा होण्याचा आजार एकाच सरकारला होतो असं नाही.

ड्रिंग यांच्या वृत्तांताचं मोल कळायला त्याच दिवसांतली आपली वर्तमानपत्रं डोळ्यांपुढे आणा. सरहद्द बंद, आत कुणी नाही, मग ऐकीव गोष्टींवर मथळे निघू लागले. पूर्व पाकिस्तानचे लष्करी प्रशासक टिक्का खान ठार झाल्याची बातमी भारतात ठळकपणे छापली गेली. टिक्का खान जिवंत होते, वर्षभरात पाकिस्तानचे लष्करप्रमुख झाले. प्रत्यक्ष पाहणारा माणूस तिथे नसला की दोन्हीकडे अफवांचं पीक येतं, आणि अशा अफवेचं बिंग फुटलं की खऱ्या बातमीकडेही लोक संशयानं बघतात.

जगभर टीका सुरू झाल्यावर इस्लामाबादला दुसरं हत्यार आठवलं, सरकारी दौरा. एप्रिलमध्ये आठ पाकिस्तानी पत्रकारांना दहा दिवसांसाठी पूर्वेकडे नेण्यात आलं. परिस्थिती पूर्वपदावर येतेय आणि बंगाली बंडखोरांनी किती अत्याचार केले, एवढं लिहून आणायचं होतं. त्या आठांत कराचीच्या 'मॉर्निंग न्यूज'चे सहायक संपादक अँथनी मास्करेन्हस होते. त्यांचा जन्म बेळगावचा, घराणं गोव्याचं ख्रिस्ती, वाढले मात्र कराचीत. लंडनच्या 'संडे टाइम्स'साठीही ते पाकिस्तानातून लिहायचे.

सरकारी दौऱ्यात कुठं जायचं, कुणाशी बोलायचं, किती वेळ थांबायचं, सगळं आधी ठरलेलं असतं. सोबत अधिकारी असतो, जेवण त्याच्याबरोबर, मुक्काम त्याच्या छावणीत. आठवडाभरात ओळख वाढते आणि त्या माणसाच्या अडचणी आपल्या वाटू लागतात. दौऱ्याची खरी ताकद धमकावण्यात नसते, ती या घरोब्यात असते. पण दौरा उलटतोही याच घरोब्यामुळे. मास्करेन्हस 'आपलेच' आहेत असं समजून कोमिल्ला भागातले अधिकारी त्यांच्यासमोर मोकळेपणी बोलत राहिले. आज किती मारले, कुठलं गाव जाळलं, याचा हिशेब रात्री मेसमध्ये चालायचा. त्यांच्या वृत्तांताच्या सुरुवातीलाच चोवीस वर्षांचा एक किरकोळ अंगाचा तरुण येतो. लष्करी गस्तीच्या नजरेसमोर तो पळाला, एवढाच त्याचा गुन्हा. मास्करेन्हस यांना तिथला मेजर सांगतो की एरवी आम्ही याला पळतानाच गोळी घातली असती, तुम्ही नवखे आहात म्हणून चौकशी करतोय. मला त्या सगळ्या लेखात हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पत्रकार नुसता बाजूला उभा आहे म्हणून मारणारा क्षणभर थांबतो. मग जिथं पत्रकाराला जाऊच दिलं नाही तिथं काय झालं असेल?

आठपैकी सातजणांनी परत येऊन सांगितलं होतं तसं लिहिलं. मास्करेन्हस यांना ते जमेना. हे लिहिता आलं नाही तर पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही, असं ते पत्नीला म्हणाले. पाकिस्तानात प्रत्येक मजकूर लष्करी सेन्सॉरच्या हाताखालून जायचा, त्यामुळे तिथं छापण्याचा प्रश्नच नव्हता. बहीण आजारी असल्याचं सांगून ते मे महिन्यात लंडनला गेले आणि 'संडे टाइम्स'चे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना भेटले. इव्हान्स छापायला तयार होते, पण बायको-मुलं कराचीत असताना ते छापणं म्हणजे त्यांना फासावर देणं. म्हणून मास्करेन्हस पुन्हा कराचीला परतले, कुटुंबाला आधी बाहेर पाठवलं आणि स्वतः अफगाणिस्तानच्या सरहद्दीवरून निघून गेले. पाकिस्तानी नागरिकाला तेव्हा वर्षातून एकदाच परदेशी जाता येत असे, म्हणून हा वळसा. घरदार, नोकरी, मित्र, सगळं मागं राहिलं. १३ जून १९७१ ला लेख आला, मथळा एका शब्दाचा : 'वंशसंहार'. आपल्याला तो लेख वाचून इतका धक्का बसला की युरोपातल्या राजधान्या आणि मॉस्को इथं स्वतः मोहीम काढायचं ठरवलं, असं इंदिरा गांधींनी पुढे इव्हान्स यांना सांगितलं.

एका लेखानं युद्ध घडवलं असं मी म्हणणार नाही. भारताच्या दाराशी निर्वासितांचे लोंढे येत होते, सैन्याची तयारी चालू होती, मॉस्कोशी बोलणी चालली होती. लेखानं एवढं केलं की 'हा भारताचा अपप्रचार आहे' हे पाकिस्तानचं ठरलेलं उत्तर निकामी झालं. लिहिणारा पाकिस्तानी नागरिक, सरकारनंच निवडून नेलेला, सरकारच्याच विमानातून गेलेला. त्याला भारताचा हस्तक कसं म्हणणार?

मे-जूनमध्ये परदेशी बातमीदारांनाही थोडं-थोडं आत सोडण्यात आलं. मे महिन्यात सहाजणांचा दौरा निघाला, त्यात असोसिएटेड प्रेसचे मॉर्ट रोझेनब्लम होते. सोबत अधिकारी होतेच. पण जळालेली गावं अधिकाऱ्याला झाकता येत नाहीत आणि नदीकाठची गिधाडं तर नाहीतच. रोझेनब्लम यांनी तीच लिहिली, इतकं खाऊन बसलेली की उडता येईना. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे सिडनी शॅनबर्ग जूनमध्ये फरीदपूरला पोचले. तिथं हिंदूंच्या दुकानांवर पिवळ्या रंगात इंग्रजी 'एच' अक्षर रंगवलेलं त्यांना दिसलं. सैनिकांना कुठलं दुकान कुणाचं ते ओळखता यावं म्हणून ती खूण. ३० जूनला शॅनबर्ग यांना देशाबाहेर काढलं. तोवर ते पिवळं अक्षर त्यांच्या वहीत उतरलं होतं.

याच सुमारास मदतीचा प्रश्न ऐरणीवर आला. जागतिक बँकेचं एक पथक जूनमध्ये पूर्व पाकिस्तानात फिरून आलं. त्यांनी पाहिलेल्या कुश्तियात चाळीस हजारांच्या वस्तीतले जेमतेम पाच हजार लोक उरले होते. अहवाल गोपनीय होता, पण जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तो मिळवून छापला. मदत देणाऱ्या देशांच्या गटानं नवीन मदत ठरवायचं आधीच लांबणीवर टाकलं होतं. कोंबडं झाकून उजाडायचं थांबत नाही, आणि इथं तर सूर्य बँकेच्या कपाटातूनच वर आला.

आता त्या दुर्दैवी भागाकडे वळतो, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. पूर्व पाकिस्तानात उर्दू बोलणारे, फाळणीनंतर प्रामुख्यानं बिहारमधून गेलेले मुसलमान मोठ्या संख्येनं होते. सरसकट त्यांना 'बिहारी' म्हणत. मार्च-एप्रिलमध्ये बंगाली जमावांनी आणि बंडखोरांनी त्यांच्यातल्या हजारो लोकांना, बायका-मुलांसह, ठार मारलं. हे खरं आहे. मास्करेन्हस यांच्या लेखातही ते स्पष्ट लिहिलंय. आणि इथं पाकिस्तानच्या प्रसिद्धी खात्यानं आपल्याच हातानं घात करून घेतला. पश्चिम पाकिस्तानात राहणाऱ्या बंगाल्यांवर सूड उगवला जाईल या भीतीनं सुरुवातीला ही बातमी दाबली. मग परदेशी पत्रकार हाकलले, म्हणजे ती पाहून लिहू शकणारे लोकच गेले. मग ऑगस्टमध्ये श्वेतपत्रिका काढून तारीख, गाव, आकडा अशी यादी जगापुढे ठेवली. तोवर इस्लामाबादच्या शब्दाची पत उरली नव्हती. लष्करानं केलेल्या कत्तलींबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या सरकारच्या कागदावर विश्वास कोण ठेवणार? मेलेल्या बिहाऱ्यांची गोष्ट त्या कागदाबरोबर बुडाली. त्यांच्यासाठी रडणारं जगात फारसं कुणी उरलं नाही, आणि हा अन्याय त्यांच्यावर त्यांच्या कैवारी सरकारनंच केला.

भारताची बाजू वेगळी होती, पण ती साधुसंतांची होती असं समजायचं कारण नाही. दिल्लीला एक गोष्ट नीट उमगली होती. जे खरंच घडतंय ते बघायला लोकांना येऊ द्यायचं, वर्णन करत बसायचं नाही. बनगाव, सॉल्ट लेक, जेसोर रोडवरच्या छावण्या परदेशी पत्रकारांना आणि कॅमेऱ्यांना खुल्या होत्या. पावसाळ्यात चिखलात पडलेली माणसं, पटकीनं दगावणारी पोरं, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत थाटलेले संसार जगानं पाहिले. अमेरिकन सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये स्वतः येऊन गेले. वर्षअखेर निर्वासितांचा आकडा भारत सरकारच्या हिशेबानं एक कोटीच्या घरात होता. यात कुठलीही कारागिरी करायची गरजच नव्हती.

जिथं गरज होती तिथं ती झाली. १६ एप्रिलच्या रात्री कोलकात्याच्या प्रेस क्लबवर पत्रकारांना जमवलं, कुठं जायचंय ते न सांगता पहाटे गाड्यांतून सरहद्दीकडे नेलं. मेहेरपूरजवळच्या एका आमराईत १७ एप्रिलला बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. आमच्याच मातीवर आमचं सरकार उभं आहे, हे कॅमेऱ्यांना दाखवायचं होतं. सरकारचा कारभार प्रत्यक्षात कोलकात्यातून चालायचा. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला भारतीय भूमीवर प्रशिक्षण मिळत होतं, त्या छावण्यांकडे मात्र परदेशी पत्रकारांना फिरकू देत नसत आणि दिल्ली जाहीरपणे त्याबद्दल कानावर हात ठेवायची. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत भारतीय तुकड्या सरहद्द ओलांडून लढत होत्या. अधिकृत युद्ध ३ डिसेंबरला, पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यानंतर सुरू झालं.

आणि टांगाईलचा फोटो. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ भारतीय सैन्याची २ पॅरा ही पलटण, साधारण सातशे जवान, हवाई छत्र्यांनी उतरली. मैमनसिंगकडून ढाक्याला माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची होती. लष्कराच्या जनसंपर्क विभागाकडे त्या उडीचा फोटो नव्हता. जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी आधी आग्र्याला झालेल्या सरावाचा एक फोटो प्रसृत केला, ज्यात अख्खी ब्रिगेड आकाशातून उतरताना दिसते. फोटो जुना आहे ही ओळ खाली नव्हती. परदेशी वृत्तसंस्थांनी पाच हजार छत्रीधारी उतरल्याच्या बातम्या दिल्या. ढाक्यात पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेचे सेनापती जनरल नियाझी यांच्या मनावर आधीच ताण होता, या बातमीनं तो वाढला असं मानलं जातं.

हा किस्सा आपल्याकडे अभिमानानं सांगतात. ती चाल यशस्वी झाली, कदाचित तिनं रक्तपात लवकर थांबवला, हे मी मान्य करतो. पण वाचक म्हणून मला प्रश्न पडतो की त्या दिवशी भारताच्या शब्दावर जगानं विश्वास का ठेवला? कारण आधीचे आठ महिने निर्वासितांच्या छावण्यांत भारतानं जे सांगितलं ते पत्रकारांना स्वतःच्या डोळ्यांनी खरं आढळलं होतं. पुण्याई साठवलेली होती, ती एका फोटोत खर्च झाली. युद्ध पाच दिवसांनी संपलं म्हणून ते खपून गेलं. लांबलेल्या युद्धात अशा फोटोची किंमत पुढच्या प्रत्येक खऱ्या बातमीला मोजावी लागते.

ढाक्यात तेव्हा इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल रेडक्रॉसच्या संरक्षणाखाली तटस्थ जागा झालं होतं आणि पत्रकार तिथं परत जमले होते. १४ डिसेंबरला भारतीय विमानांनी गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. गव्हर्नर ए. एम. मलिक तळघरात आसऱ्याला होते, आणि त्यांच्यासोबत संयुक्त राष्ट्रांचे एक अधिकारी व लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'चे गॅव्हिन यंग. बॉम्ब पडत असताना मलिक यांनी एका कागदावर बॉलपेननं राजीनामा लिहिला. नऊ महिने ज्यांना दूर ठेवायची धडपड चालली होती, त्यांच्यातलाच एकजण सरकार कोसळताना शेजारी बसलेला होता.

आपल्याकडे त्या दिवसांत खिडक्यांना काळे कागद लावून लोक अंधारात रेडिओभोवती बसायचे, आणि आकाशवाणीनंतर बीबीसी लावायचेच. पाकिस्तानातही तेच चाललं होतं. १६ डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर नियाझींनी शरणागतीवर सही केली. त्या संध्याकाळी पाकिस्तानी जनतेला एवढंच सांगण्यात आलं की स्थानिक सेनापतींमधल्या व्यवस्थेनुसार पूर्वेकडची लढाई थांबली असून भारतीय सैन्य ढाक्यात शिरलं आहे. अर्धा देश गेला, ९० हजारांहून अधिक माणसं कैदेत गेली, आणि त्याला 'व्यवस्था' असं नाव दिलं गेलं. दोन दिवस आधीपर्यंत विजयाच्या बातम्या वाचणारे लोक कराची-लाहोरच्या रस्त्यांवर संतापून उतरले. आपलं सरकार इतके दिवस आपल्याशी काय बोलत होतं, हा त्यांचा सवाल होता. याह्या खान यांना आठवडाही तग धरता आला नाही.

मेलेल्यांच्या आकड्यावरून आजही वाद चालू आहे. बांगलादेशचा अधिकृत आकडा ३० लाख. पाकिस्ताननं पराभवाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगानं लष्कराच्याच नोंदींवरून २६ हजार धरला. दोन्हींत इतकं अंतर आहे की त्यांना एकाच घटनेबद्दलचे आकडे म्हणणंही अवघड. संशोधक मधले वेगवेगळे अंदाज सांगतात. बिहाऱ्यांच्या मृतांचा तर सर्वमान्य आकडाच नाही. ज्या गावांत त्या वेळी कुणी तटस्थ माणूस जाऊ शकला नाही, तिथली मोजदाद आता म्हाताऱ्यांच्या आठवणींवर चालते. आणि ज्या आयोगापुढे पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी स्वतः साक्षी दिल्या, त्याचा अहवाल जवळजवळ तीन दशकं कुलपात होता. ऑगस्ट २००० मध्ये एका भारतीय साप्ताहिकानं त्यातला मोठा भाग मिळवून छापला, आणि त्यानंतरच पाकिस्ताननं तो आपल्या नागरिकांसाठी खुला केला.